दगड कधीमधी, चामडं रोज

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला दगडाची कमतरता कधीच नव्हती. लाव्हाचा काळा पाषाण जमिनीखाली, बांधावर, विहिरीच्या कडेला, आणि 1993 च्या भूकंपापर्यंत घरांच्या दोन-दोन हात जाड भिंतींतही. जातं त्याचं, पाटा-वरवंटा त्याचा. विळा किंवा खुरपं बोथट झालं की माणूस जवळचा एखादा सपाट धोंडा बघायचा, त्यावर पाणी शिंपडायचा आणि खसाखसा घासून कामाला लागायचा. पण एवढ्या दगडाच्या मुलखात वारकाच्या वस्तऱ्याला चालेल असा दगड मात्र मिळत नव्हता. तो बाहेरून आणावा लागे, फडक्यात गुंडाळून धोकटीच्या तळाशी ठेवावा लागे, आणि घरातल्या कुणी चुकून त्यावर विळी घासली तर त्या दिवशी घरात भांडण ठरलेलं.

न्हाव्याला आमच्या मराठवाड्यात वारीक म्हणतात. धोकटी म्हणजे त्याची हत्यारांची चामडी पिशवी. तिच्यात वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, तुरटीचा खडा. आज यातलं निम्मं सामान ओळखणारी माणसंही कमी झाली आहेत, आणि वस्तऱ्याला धार कशी राखत हे विचारलं तर बहुतेक जण सांगतात, "दगडावर घासत." ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. दगड महिन्या-दीड महिन्यातून एकदा निघत असेल. रोजचं काम चामड्याचं होतं.

आधी दगडाचं बघू. गावचा काळा पाषाण का चालत नाही? हा दगड मुख्यतः दोन खनिजांच्या स्फटिकांचा बनलेला असतो, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन. कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर दोन्ही पाच-सहाच्या आसपास येतात. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवलेलं, वस्तऱ्याचं पोलाद सहा आणि सातच्या मधे बसतं. म्हणजे पोलादच दगडाहून वरचढ. शिवाय या दगडाचे कण एकसारखे नसतात, आणि लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूची भोकं त्यात राहिलेली असतात. विळ्याच्या मऊ लोखंडाला हे सगळं चालतं, उलट थोडी खरबरीत धार कडबा कापायला बरीच. वस्तऱ्याची धार मात्र अशा एका भोकाच्या कडेला अडकली की तिथे खांडा पडलाच म्हणून समजा.

वस्तऱ्याला हवा तो दगड पोलादाहून कठीण पण कणांनी अतिशय बारीक आणि एकसारखा. गारेचा म्हणजे क्वार्ट्‌झचा कण सातव्या पायरीवर आहे. तो इतका सूक्ष्म असला की हाताला काचेसारखा गुळगुळीत लागतो, तो दगड उत्तम. कुरुंद नवव्या पायरीवर, वर फक्त हिरा. कुरुंदाची पूड लाखेत कालवून सहाणेचं चाक करायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. या खनिजाला जगभर कोरंडम म्हणतात, ते नावही आपल्याकडच्याच 'कुरुविंद', 'कुरुंद' या शब्दांच्या कुळातलं आहे. पुढे विसाव्या शतकात कारखान्यात केलेले दगड बाजारात आले, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. वारकाला बारीक बाजूच लागे. जाड बाजू विळी-कात्रीची.

आता वस्तरा हातात घेऊ. उघडलेला वस्तरा आडवा धरला तर वरच्या बाजूला जाड पाठ आणि खालच्या बाजूला धार. चांगल्या विलायती वस्तऱ्याची दोन्ही अंगं आतून कोरलेली असतात, दोन्हीकडून खोलगट. पातं सपाट दगडावर आडवं ठेवलं की मधला भाग अधांतरी राहतो आणि फक्त पाठ आणि धार दगडाला टेकतात. या घडणीत मोठं शहाणपण आहे. सुरीला धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागतो, हात हलला की कोन बिघडला. वस्तऱ्यात कोन हत्यारातच बांधलेला आहे. पातं 16 मिलीमीटर रुंद आणि पाठ 5 मिलीमीटर जाड असेल तर धारेचा कोन 18 अंशांच्या आसपास येतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन याच्या जवळपास दुप्पट असतो. बरं, वर्षानुवर्षं घासून पातं अरुंद झालं तरी कोन फारसा बिघडत नाही, कारण धारेबरोबर पाठही तितक्याच हिशेबानं झिजते. म्हणून वारीक दगडावर वस्तरा लावताना पाठ कधी उचलत नाही. पाठ जपायची म्हणून तिच्याखाली काहीतरी सारणारा नवशिका सगळा हिशेबच बिघडवतो.

लहानपणी हे काम मी पिंपळाच्या पारावर पाहिलं आहे. आमच्या गावचे वारीक आप्पा मांडी घालून बसत, दगड समोर लाकडाच्या खाचेत पक्का बसवलेला. आधी दगड धुऊन घेत, मग त्यावर पाण्याचे चार थेंब. कधी पाण्याऐवजी साबणाचा फेस. कोरड्या दगडावर वस्तरा ठेवलेला मी कधी पाहिला नाही. पाणी घासलेल्या पोलादाची पूड वाहून नेतं. ती साचली तर दगडाच्या कणांमधल्या जागा बुजतात आणि दगड नुसता घसरायला लागतो. मी वाकून बघायला लागलो की आप्पा म्हणत, "काय बघूलालास रं? सरक तिकडं, सावली पडूलाली." सावली पडली की पाण्याची रेघ दिसत नाही. ती रेघ का बघायची हे मला फार नंतर कळलं.

दगडावर वस्तरा धारेकडून पुढे जातो. दगडाचा पापुद्रा सोलून काढायचा आहे असं समजून चालवायचा. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून ते तिरपं ओढावं लागतं, मुठीकडच्या टोकापासून सुरुवात करून पलीकडच्या टोकापर्यंत एकाच ओढीत. शेवटाला आल्यावर उलटायचं ते पाठीवरून, धारेवरून कधीच नाही. धारेवर उलटवला तर इतका वेळ कमावलेलं एका क्षणात गेलं. मग दुसऱ्या अंगानं परत. एक इकडून, एक तिकडून, दोन्ही अंगांना सारख्याच खेपा. दाब म्हणाल तर पात्याच्या वजनाइतकाच. आप्पांची बोटं पात्यावर नसल्यासारखीच असत.

आणि ती पाण्याची रेघ. पातं दगडावर बरोबर बसलं असेल तर पुढे जाताना धारेच्या पुढ्यात पाण्याची बारीक लाट ढकलली जाते आणि थोडी पात्यावर चढते. जिथं पाणी चढत नाही, खालूनच निसटतं, तिथं धार दगडाला टेकलेली नाही. मोजायचं कुठलंही साधन न वापरता धारेचा कुठला भाग लागला आणि कुठला राहिला हे पाणीच सांगतं. आवाजही सांगतो. सुरुवातीला खरखर येते, मग ती बारीक होत जाते, शेवटी कागदावरून कापड ओढल्यासारखं काहीतरी उरतं.

थांबायचं कधी हे ओळखणं लावण्याहून अवघड. ओल्या अंगठ्याच्या नखावर धार हलकेच ठेवून ओढायची. बोथट धार नखावरून घसरते. खांडे असलेली धार खरखरत अडकते. झालेली धार नखात सारखी, गुळगुळीत रुतत जाते. दुसरी परीक्षा केसाची. डोक्याचा एक केस मुळाकडून धरायचा आणि त्याचं मोकळं टोक धारेला टेकवायचं. तो टेकताच दोन तुकडे झाला पाहिजे. ओढावा लागला तर काम अजून बाकी. धार बघायला अंगठ्याचं पोट धारेवर फिरवणारा माणूस वारीक नव्हे, तो कोयत्याला सरावलेला शेतकरी.

जास्त घासलं तर धार आणखी चांगली होते, हा समज खोटा आहे. ठरावीक हद्दीपुढे घासत राहिलं की काठाचं पोलाद इतकं पातळ होतं की ते स्वतःला पेलू शकत नाही. मग ते तुटत नाही, एका बाजूला मुरडतं आणि डोळ्याला न दिसणारी, तारेसारखी किनार काठाला लटकत राहते. अशा वस्तऱ्यानं पहिल्या गालाची दाढी सुरेख होते आणि दुसऱ्या गालावर ती किनार तुटून पडते. त्या गिऱ्हाईकानं काय केलं असेल ते सांगायला नको.

दगड क्वचितच निघायचं एक कारण हे. दुसरं कारण पैशाचं होतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वारीक हा बलुतेदार. दाढीमागं पैसे नाहीत. सुगी झाली, ज्वारीचं खळं झालं की घराघरातून ठरलेलं धान्य. वर्षभर किती दाढ्या केल्या, किती जावळं उतरवली, त्याचा हिशेब नाही. धान्यानं पोट भरतं, पण वस्तरा विकत आणायचा तर रोकड लागते, आणि दगड वस्तरा खातो. प्रत्येक वेळी थोडं पोलाद पाण्याबरोबर वाहून जातं. ज्याला मिळकत धान्यात आणि हत्यार रोखीत, तो माणूस दगडाला हात लावताना दहा वेळा विचार करणारच. बापाचा वस्तरा मुलानं आणि मुलाचा नातवानं वापरल्याचं जे कौतुकानं सांगितलं जातं, त्याच्यामागं भावनेपेक्षा हा हिशेब मोठा होता.

मग रोजची धार कुठून यायची? चामड्यातून.

चामड्याचा हात-दीड हात लांबीचा पट्टा, त्याला चामोटं म्हणतात. एक टोक खिळ्याला किंवा झाडाच्या फांदीला अडकवायचं, दुसरं डाव्या हातात ताणून धरायचं. काही जण पट्टा लाकडी फळीवर चिकटवून घेत, म्हणजे मांडीवर ठेवूनही काम होई. युरोपात घोड्याचं कातडं नावाजलेलं होतं. आपल्याकडे गावच्या चांभारानं कमावलेलं म्हशीचं किंवा बैलाचं. पट्ट्याला अधूनमधून थोडं तेल चोळायचं आणि तळहातानं रगडून जिरवायचं. नवा पट्टा काही कामाचा नसतो. वर्ष-दोन वर्षं हातानं आणि पोलादानं घासून तो काळसर, गुळगुळीत आणि किंचित ओढ घेणारा झाला की तो खरा.

पट्ट्यावर सगळं दगडाच्या उलट. दगडावर धार पुढे आणि पाठ मागे, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागून ओढत. चुकून धारेकडून ढकललं तर चामडं चिरतं आणि तो पट्टा गेला; जुन्या पट्ट्यांवर दिसणाऱ्या आडव्या चिरा उमेदवारी करणाऱ्या पोरांच्या असत. इथंही उलटायचं पाठीवरूनच. पट्टा ताठ हवा. तो झोळीसारखा सैल राहिला तर चामडं धारेच्या टोकाला वळसा घालतं आणि टोक गोल करून टाकतं. वीस-तीस खेपा, दोन्ही अंगांनी. हाताला लय सापडली की टप्-टप् असा आवाज येतो, आणि तो पारावर बसलेल्या प्रत्येकाला ओळखीचा असे. पण आवाज मोठा म्हणजे काम चांगलं असं नाही. पोरं आवाजासाठी पट्टा आपटतात.

चामडं काय करतं? चामडं पोलाद कापत नाही, निदान दगडासारखं तरी नाही. धारेचं टोक इतकं सूक्ष्म असतं की त्याची जाडी मिलीमीटरच्या दोन हजाराव्या हिश्शाच्या आतबाहेर भरते. दाढीचा एक केस त्याच्या दोनशे पट जाड. असं टोक दोन-चार दाढ्यांनंतर इकडेतिकडे मुरडतं. ते झिजलेलं नसतं, वाकडं झालेलं असतं. चामडं मऊ आहे म्हणूनच ते त्या वाकड्या काठाला दोन्ही बाजूंनी सावरून पुन्हा एका रेषेत आणतं, दगडानं ठेवलेली तारेची किनार अलगद काढून टाकतं आणि अंगाला घासून चकाकी देतं. भुसभुशीत झालेला शेताचा बांध कुणी नवा घालत नाही, थोपटून सारखा करतो, तसंच हे.

धार अगदीच उतरली, पण दगड काढायची पाळी आलेली नाही, अशा मधल्या वेळेसाठी पट्ट्याच्या दुसऱ्या अंगाला बारीक लाल किंवा हिरवी पूड तेलात कालवून लावतात. लाल पूड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, सोनारही झिलईला तोच वापरतो. गेरूचा रंगही त्याच लोखंडाचा, पण गेरूत वाळूचे कण असतात, म्हणून गेरू उचलून पट्ट्याला फासू नये. हिरवी पूड क्रोमियमची, तिची चाल नव्या काळातली. वाळूच्या एका कणाची भीती वारकाला सगळ्यात मोठी. पट्टा जमिनीवर पडला तर तो आधी फडक्यानं पुसायचा, मग तळहात फिरवून बघायचा, आणि तळहाताला काही लागत नाही ना याची खात्री झाल्यावरच वस्तरा त्यावर न्यायचा.

पट्ट्यानंतर शेवटच्या चार-सहा खेपा आप्पा आपल्याच तळव्यावर मारत. पोरं डोळे विस्फारून बघत, आणि त्यांना तेच हवं असे बहुधा. पण हा नुसता तमाशा नव्हता. तळव्याचं कातडं हेही चामडंच, फक्त जिवंत. ते ऊबदार असतं, त्याला घामाचा-तेलाचा हलका ओलावा असतो, आणि त्याच्यावर धूळ आहे की नाही ते मालकाला लगेच कळतं. पाठ पुढे आणि धार मागे हा नियम पाळला तर तळवा कापत नाही. तरी हे घरी करून बघू नका.

धार राखण्यातला आणखी एक भाग हत्याराशी संबंधितच नाही. तो पाण्याचा आहे. गावात साबण उशिरा आला. त्याआधी वारीक वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून गाल आणि हनुवटी बराच वेळ चोळत राही, गिऱ्हाईक गावच्या गप्पांत रमलेलं. हे चोळणं दोन-तीन मिनिटं तरी व्हायला हवं. केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. कोरडा केस कापायला लागणारा जोर ओल्याला लागत नाही. शेतातून आलेल्या माणसाच्या दाढीत काळ्या मातीची धूळ बसलेली असे, तिच्यातले दगडाचे बारीक कण धारेला केसांहून वाईट. तेही याच चोळण्यात निघून जात. घाईच्या वेळी, लग्नसराईत, हे चोळणं कमी झालं की संध्याकाळी पट्ट्यावरचा वेळ वाढे.

मऊ केस कठीण पोलादाला कसा काय बोथट करतो, हा प्रश्न अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनीही विचारला. 2020 च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यांच्यापैकी जियानलुका रोसिओली यांनी स्वतःचीच दाढी पुन्हा पुन्हा करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पोलाद केसापेक्षा 50 पट कठीण, तरी काठाला टवके गेलेले. टवके उडायचं कारण असं निघालं की पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं. धारेच्या ज्या जागी थोडा कमी-जास्त कठीण भाग लागून आहे आणि केस नेमका तिथे एका बाजूनं तिरपा आदळतो, तिथं तडा जातो. सगळ्या केसांनी टवका पडत नाही, नशीब फुटकं असलेल्या एखाद्यानं पडतो. हा निबंध एकदाच वापरायच्या पात्यांवरचा आहे. पण काठ सरळ, नीट ओला केस आणि पातं गालाला जवळजवळ टेकलेलं, या तीन गोष्टींवर आप्पा का हटून बसत, ते मला त्यातून कळलं.

दाढी झाली की वस्तरा पुसायचा, पट्ट्यावर चार खेपा देऊन सुकवायचा आणि तेल लावायचं. जुन्या वस्तऱ्याचं पोलाद गंजतं, त्यात क्रोमियम नसतो. आणि गंज पहिल्यांदा चढतो तो सगळ्यात पातळ जागी, म्हणजे धारेवरच. पावसाळ्यात रात्रभर ओला राहिलेला वस्तरा सकाळी डोळ्यांना धड दिसतो, गालावर मात्र ओरबाडतो. तेल कुठलं, हाही प्रश्न आमच्याकडे होताच. मराठवाड्यात घराघरात करडईचं आणि जवसाचं तेल. दोन्ही हवेला उघडी राहिली की वाळून चिकट थर धरतात. जवसाचं तर रंगात घालतात ते त्यासाठीच. अशा तेलात ठेवलेला वस्तरा चार महिन्यांनी दांडीतून उघडत नाही. खोबरेल थंडीत गोठतं, पण चिकटत नाही.

खांडा पडला, पातं वाकलं किंवा पाठीवर गंज खोल गेला तर ते वारकाच्या आवाक्याबाहेरचं. तिथं शिकलगार. सैकल म्हणजे झिलई, त्यावरून सैकलगर आणि मग शिकलगार. नांदेडला शीख शिकलगारांची वस्ती जुनी आहे, आणि गावोगाव खांद्यावर सहाणेचं चाक घेऊन हिंडणारे शिकलगार मराठवाड्याला नवे नाहीत. पण वारीक वस्तरा त्यांच्याकडे द्यायला नाखूष असे, आणि त्याला कारण होतं. चाकावर ठिणग्या उडतात, ठिणग्या म्हणजे उष्णता. वस्तऱ्याला पाणी देताना, म्हणजे तापवून विझवल्यावर, पुन्हा साधारण 200 अंशांपर्यंत ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. चाकावर काठ त्याहून खूप तापला, 300 अंशांच्या आसपास गेला, की पोलादावर निळी झाक येते. निळा पडलेला काठ मऊ. त्यावर पुन्हा कितीही घासा, धार लागते आणि दुपारपर्यंत जाते. म्हणून जाणता शिकलगार वस्तरा क्षणभर चाकाला लावतो आणि लगेच पाण्यात बुडवतो. तुमचा शिकलगार जाणता आहे की नाही हे मात्र वस्तरा परत आल्यावरच कळतं.

चांगलं पोलाद विलायतेहून येतं, असा आपल्याकडे समज. शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगन ही वस्तऱ्यांची मोठी गावं, यात शंका नाही. पण नांदेडची हद्द ओलांडून तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात गेलं की कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथं मातीच्या मुशीत लोखंड आणि कार्बन एकत्र वितळवून उंची पोलाद करत, आणि इराणातले व्यापारी ते घ्यायला येत. कानडी-तेलुगूतल्या 'उक्कु' या शब्दावरून इंग्रजांनी त्याला वूट्झ म्हटलं. भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी यांनी तिथली कृती लिहून ठेवली. लंडनचा हत्यारं करणारा जेम्स स्टोडार्ट या भारतीय पोलादाचा मोठा चाहता होता. 1820 च्या सुमारास त्यानं तरुण मायकेल फॅरडेबरोबर पोलादाचे प्रयोग केले ते या वूट्झचं गुपित शोधायच्या नादातून. कोनासमुद्रम आणि किल्लारी दोन्ही गावं निजामाच्या राज्यातली. तरी किल्लारीच्या वारकाच्या धोकटीत वस्तरा यायचा तो विलायती छापाचा किंवा गावच्या लोहारानं जुन्या कानशीतून घडवलेला.

वारीक म्हटलं की संत सेना न्हाव्यांचा अभंग आठवतोच. त्यात आपल्या धंद्याचं रूपक आहे, आरसा आहे, चिमटा आहे, पाणी आहे, नखं आहेत. वस्तऱ्याचं मात्र नाव नाही. मला हे अनेक वर्षं चमत्कारिक वाटत आलं आहे. चारही वर्णांना हात देण्याची भाषा त्या अभंगात आहे, आणि गावात काय होतं? दलित वस्तीतल्या माणसाच्या गालाला गावच्या वारकाचा वस्तरा लागत नसे. ते एकमेकांची दाढी करत, मिळेल त्या पात्यानं. गावात तयार होणारी ती सुंदर धार सगळ्या गावाची नव्हती, हेही या लेखात आलं पाहिजे.

धार राखायची ही सगळी पद्धत का संपली, याचं उत्तर तिच्याच पोटात आहे. वस्तरा उकळता येतो. चामडं उकळता येत नाही. पाच गालांवरून फिरलेली धार एकाच पट्ट्यावर पुसली जाते आणि सहाव्या गालावर जाते. कापलं तर वर तुरटीचा खडा, तोही सगळ्यांना तोच. तुरटीनं रक्त थांबतं, रोग थांबत नाही. हेपटायटिस-बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस तग धरतो. भारतात एचआयव्हीची लागण 1986 साली पहिल्यांदा निदर्शनास आली आणि नव्वदच्या दशकात प्रचार गावोगाव पोहोचला, तेव्हा लोकांनी दुकानात बसल्या बसल्या "नवं पातं लावा" म्हणायला सुरुवात केली. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला. पातं मधोमध मोडायचं, अर्धं खाचेत सरकवायचं, दाढी झाली की फेकायचं. मला जुन्या वस्तऱ्याचं कौतुक आहे, पण माझ्या गालाला मी नवं पातंच लावून घेतो, आणि तुम्हीही तेच करावं.

किल्लारीत हा बदल एका वेगळ्या उलथापालथीच्या आसपासच आला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. मातीत रचलेल्या त्याच काळ्या दगडांच्या भिंती आणि वरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पूर्ण पडलेली 52 गावं नव्या जागी वसवली, किल्लारी त्यांतलं एक. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना 250 चौरस फूट, त्यावरच्यांना 450, सात हेक्टरांपुढच्यांना 750. बलुत्यावर जगणाऱ्या घरांकडे जमीन कितीशी असायची, ते सांगायला नको. सरळ रस्त्यांच्या नव्या गावात दाढी आता पारावर होत नाही. ती दुकानात होते, फिरत्या खुर्चीवर, आणि चामड्याचा पट्टा कुठे टांगलेला दिसत नाही.

तुमच्या घरात आजोबांचा वस्तरा असेल, पेटीत, फडक्यात, तर त्याला स्वयंपाकघरातल्या दगडावर नेऊ नका आणि रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे तर मुळीच देऊ नका. कोरड्या सुती फडक्यानं पुसा, खोबरेलाचा एक थेंब पाठीपासून धारेकडे ओढा, आणि दांडीत अर्धवट न ठेवता पूर्ण मिटा. त्याचा अस्सल जोडीदार, तो काळा गुळगुळीत पट्टा, जवळपास कुठे पडलेला असेल तर तोही जपा. वस्तरे अजून विकत मिळतात. तीस वर्षं वापरलेलं चामडं मिळत नाही.